एन-आकड्यापासून पाइलच्या भारापर्यंत

उंच इमारत, पूल किंवा बंदराचा धक्का पाइलवर उभा करायचा असेल, तर एका प्रश्नाचे उत्तर काम सुरू होण्याआधीच द्यावे लागते: इतक्या जाडीचा, इतक्या खोल गेलेला एक पाइल किती भार पेलेल? उत्तर जास्त आले तर इमारत खचते. कमी आले तर प्रत्येक पाइल गरजेपेक्षा दोन-चार मीटर खोल जातो आणि तो खर्च घर घेणाऱ्याच्या किंवा कर भरणाऱ्याच्या माथी बसतो. पहिली चूक उघडी पडते, दुसरी जमिनीतच गाडलेली राहते. म्हणून या प्रश्नाचा ऊहापोह गेली नव्वद वर्षे चालू आहे आणि तो संपल्याची चिन्हे नाहीत. जमिनीत काहीतरी ठोकून किंवा दाबून मिळालेल्या आकड्यावरून पाइलची क्षमता सांगण्याच्या ज्या पद्धती रूढ झाल्या, त्या आज कुठे पोचल्या आहेत, याचा हा आढावा.

मोजण्याआधीची अडचण

पाइल भार दोन ठिकाणी जमिनीला देतो: तळाशी, टोकाच्या रोधातून, आणि बाजूंनी, मातीच्या घर्षणातून. दोन्हींची बेरीज म्हणजे त्याची क्षमता. पाठ्यपुस्तकातले स्थितिक सूत्र ही बेरीज मातीच्या घर्षणकोनावरून करते. अडचण अशी की वाळूचा नमुना तिची घडण न मोडता वर आणता येत नाही. प्रयोगशाळेत पोचते ती वाळू त्याच जागची असते, पण त्याच अवस्थेतली नसते. त्यात सूत्रातला टोकाचा गुणांक घर्षणकोनाला फार संवेदनशील आहे. कोन ३५ अंशांवरून ४० अंशांवर गेला की गुणांक दुपटीहून अधिक होतो, आणि कोनाच्या अंदाजात पाच अंशांची चूक ही काही मोठी गोष्ट नव्हे.

खरे उत्तर भारचाचणीच देते. पाइल बांधायचा, त्यावर वजनांची रास रचायची किंवा शेजारच्या पाइलना ताण देऊन जॅकने भार टाकायचा, आणि तो किती खचतो ते मोजायचे. पण हे महाग आणि वेळखाऊ काम आहे. भारतीय मानक २९११च्या चौथ्या भागात नेहमीच्या चाचण्यांसाठी एकूण पाइलच्या किमान अर्धा टक्का हे प्रमाण दिले आहे. म्हणजे दोनशे पाइलमागे एक. उरलेल्या एकशे नव्याण्णव पाइलबद्दल आपण अनुमानावर विसंबतो, आणि ते अनुमान बहुतेक वेळा जमिनीत काहीतरी घुसवून मिळालेल्या आकड्यावर उभे असते.

दोन चाचण्या, दोन मुळे

ठोक्यांच्या चाचणीचे मूळ अमेरिकेत, बोस्टनमध्ये आहे. १९०२मध्ये चार्ल्स गाऊ यांच्या कंपनीने बोअरमधल्या पाण्याबरोबर वर येणाऱ्या चिखलावरून माती ओळखण्याऐवजी एक बारीक नळी तळाशी ठोकून कोरडा नमुना काढायला सुरुवात केली. नळी आत जायला किती ठोके लागले ही नोंद सुरुवातीला निव्वळ सोबतीची होती. १९२०च्या दशकात रेमंड कॉंक्रीट पाइल कंपनीत हॅरी मोर आणि इतरांनी दोन इंच व्यासाची, उभी उघडणारी नळी आणि ठरावीक वजनाचा घण रूढ केला. १९४७मध्ये कार्ल टर्झागी यांनी तिला प्रमाणित प्रवेश चाचणी म्हटले आणि पुढच्याच वर्षी राल्फ पेक यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात तिचा आकडा वाळूच्या घट्टपणाशी जोडून दाखवला. आज भारतीय मानक २१३१प्रमाणे ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून सोडतात, नळी ४५ सेंटिमीटर आत घालतात, पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून देतात आणि उरलेल्या ३० सेंटिमीटरच्या ठोक्यांना ‘एन’ म्हणतात. साइटवर तिला सगळे एसपीटी म्हणतात. मीही तेच नाव वापरतो.

दुसरी चाचणी डच आहे. नेदरलँड्सची वस्ती मऊ माती आणि पीटच्या थरांवर आहे. त्याखाली वाळूचा घट्ट थर लागतो आणि पाइल तिथवर नेला की काम होते. तो थर कुठे लागतो हे स्वस्तात कळणे ही तिथली निकड होती. १९३२मध्ये सरकारी जलखात्यातले पीटर बारेंत्सेन यांनी नळीच्या आत सळई घालून तिच्या टोकाला ६० अंशांचा, १० चौरस सेंटिमीटर छेदाचा शंकू बसवला आणि तो माणसांच्या बळावर जमिनीत दाबला. टोकाचे माप आणि कोन आजही तेच आहेत. १९५३मध्ये बेगेमान यांनी शंकूमागे घर्षण मोजणारी बाही जोडली. १९६०च्या दशकात फुग्रो या डच कंपनीने विद्युत संवेदकांचा शंकू आणला, पुढे छिद्रजलाचा दाबही त्यातच मोजला जाऊ लागला. सेकंदाला दोन सेंटिमीटर या संथ गतीने खाली जाणारा हा शंकू दर एक-दोन सेंटिमीटरला वाचन देतो. याला सीपीटी म्हणतात.

दोन चाचण्यांच्या स्वभावातला फरक पुढच्या साऱ्या वादांच्या मुळाशी आहे. एसपीटी मातीचा नमुना वर आणते, मुरमात आणि दगडगोट्यांतही चालते, साध्या तिपाईवर आणि विंचवर होते. पण दर दीड-दोन मीटरला एकच आकडा देते. सीपीटी सलग आणि जवळजवळ माणूसनिरपेक्ष नोंद देते, पण कठीण मुरूम लागला की थांबते आणि हातात माती देत नाही.

ठोक्यांची वाट

एसपीटीवरून पाइलची क्षमता काढण्याचा सर्वांत प्रसिद्ध मार्ग जॉर्ज मेयरहॉफ यांचा. १९५६मध्ये मांडलेली आणि १९७६मध्ये प्रसिद्ध झालेल्या टर्झागी व्याख्यानात सुधारलेली त्यांची सूत्रे वाळूत ठोकलेल्या पाइलच्या टोकाला प्रति चौरस मीटर जास्तीत जास्त ४०० एन किलोन्यूटन आणि बाजूला २ एन किलोन्यूटन रोध देतात. आपल्या २९११च्या परिशिष्टातली सूत्रे याच घराण्यातली आहेत.

या सूत्रांत एक गोष्ट ठळक दिसते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. ठोकलेल्या पाइलसाठी टोकाची वरची मर्यादा ४०० एन आहे, बोअर करून जागेवर ओतलेल्या पाइलसाठी ती १३० एन आहे. समजा एन ३० आहे आणि पाइलचा व्यास ६०० मिलिमीटर. ठोकलेल्या पाइलचे टोक ३,३९० किलोन्यूटनपर्यंत घेईल, बोअर पाइलचे सुमारे १,१०० किलोन्यूटन. तीच जमीन, तोच व्यास, तोच आकडा. उत्तर तिपटीने वेगळे. कारण ठोकताना पाइल खालची वाळू दाबून घट्ट करतो; बोअर करताना तीच वाळू सैल पडते, आणि तळाशी साचलेला गाळ नीट साफ झाला नाही तर टोकाला काही काळ वाळू भेटतच नाही. चाचणीच्या आकड्यात यातले काहीही नसते. चाचणी पाइल बांधण्याआधीची जमीन सांगते. पाइल बसतो तो बांधकामाने बदललेल्या जमिनीत. ही दरी सूत्रातला गुणांक भरून काढतो, आणि तो गुणांक अनुभवातून, म्हणजे कुठेतरी कोणीतरी केलेल्या भारचाचण्यांतून येतो.

ब्राझीलने हा अनुभव फार नेटाने गोळा केला. तिथे एसपीटी ही जवळजवळ एकमेव चाचणी होती. १९७५मध्ये आओकी आणि वेलोसो यांनी, आणि १९७८मध्ये देकूर आणि क्वारेस्मा यांनी, मातीचा प्रकार आणि पाइलचा प्रकार यांसाठी वेगवेगळे गुणांक देणाऱ्या पद्धती बांधल्या. त्या तिथल्या रोजच्या कामात आजही आहेत. त्या पद्धतींचे मोल त्यांच्या बीजगणितात नसून त्या ज्या मातीत आणि ज्या पाइलवर तपासल्या गेल्या तिथे आहे, असे मला वाटते. त्या उचलून दख्खनच्या मुरमात लावल्या तर त्यांचे बळ उरत नाही.

एसपीटीवरचा दुसरा मोठा आक्षेप ऊर्जेचा. घण ठरावीक उंचीवरून पडतो तेव्हा हिशेबाने सुमारे ४७० ज्यूल ऊर्जा मिळायला हवी. प्रत्यक्षात दोर चक्रावर घासतो, माणूस तो पूर्ण सोडत नाही, घण मार्गदर्शक सळईला लागतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस श्मर्टमन आणि पालासिओस यांनी सळयांत पोचणारी ऊर्जा मोजली, तेव्हा ती यंत्रागणिक किती बदलते हे स्पष्ट झाले. १९८६मध्ये स्केम्प्टन यांनी निरनिराळ्या देशांच्या पद्धती तपासून आकडा ६० टक्के ऊर्जेवर आणून मांडावा ही रीत पक्की केली. हिशेब साधा आहे: ६० टक्के ऊर्जेवर एन ३० देणारी जमीन ४५ टक्के ऊर्जेच्या घणाखाली ४० दाखवेल आणि ८० टक्क्यांच्या स्वयंचलित घणाखाली साडेबावीस. घासणारा दोर जमिनीला मजबूत दाखवतो.

भारतातल्या नेहमीच्या कामात ही ऊर्जा मोजली जात नाही. आपल्याकडे वरच्या भाराची आणि पाण्याखालच्या बारीक वाळूची दुरुस्ती काटेकोरपणे होते, अहवालात तिचे रकाने असतात. ऊर्जेचा रकाना नसतो. या बाबतीत दोन मते आहेत. एक असे की सूत्रेच जुन्या, कमी ऊर्जेच्या घणांवरून आली, तेव्हा जुन्याच पद्धतीचा आकडा त्यांत घालणे सुसंगत ठरते आणि अडीचचा सुरक्षा गुणांक बाकीचे सांभाळतो. दुसरे असे की स्वयंचलित घण साइटवर येऊ लागले आहेत, त्यामुळे एकाच शहरातल्या दोन बोअरचे आकडेही आता एका मापात नसतात. पहिल्या मताला इतिहासाचा आधार आहे. पण ते ज्या एकसारखेपणावर उभे आहे तो दिवसेंदिवस कमी होत चालला आहे.

चिकणमातीबद्दल थोडक्यात. तिथे एसपीटीचा आकडा फार ढोबळ ठरतो, हे जवळजवळ सर्वमान्य आहे. खाडीच्या गाळात एन शून्य ते दोन येतो आणि त्यातून ताकद काढणे निरर्थक असते. तिथे व्हेन चाचणी किंवा सीपीटी हवी.

शंकूची वाट

शंकू जमिनीत जातो तो लहान पाइलसारखा. मग त्याच्या टोकाचा रोध थेट पाइलच्या टोकाला का लावू नये? डच अभियंत्यांनी हेच केले आणि पहिला अडथळा लगेच समोर आला. शंकूचा व्यास साडेतीन सेंटिमीटर, पाइलचा चाळीस किंवा शंभर. शंकूला पातळ थरही वेगळा जाणवतो; पाइल त्याच्या खालच्या आणि वरच्या कित्येक व्यासांपर्यंतच्या मातीची सरासरी अनुभवतो. बेल्जियममधल्या घेंटचे डी बेअर यांनी १९६०च्या दशकात या मापाच्या परिणामाचा बारकाईने अभ्यास केला: घट्ट वाळूत शिरताना शंकूचा रोध झटकन वाढतो, पाइलला तो पूर्ण मिळायला बरेच खोल जावे लागते.

मग सरासरी कशी घ्यायची यावर पद्धती फुटल्या. कोप्पेयान यांच्या नावाने ओळखली जाणारी डच रीत टोकाखाली चार व्यासांपर्यंत आणि वर आठ व्यासांपर्यंत जाते, आणि त्यात मुद्दाम कमकुवत वाचनांना झुकते माप देते. फ्रान्समधली रीत वेगळी. बुस्तामांते आणि जियानेसेली यांनी १९८२मध्ये १९७ भारचाचण्यांवरून जी पद्धत दिली, ती वर-खाली केवळ दीड व्यासाची सरासरी घेते आणि तिला पाइलच्या प्रकारानुसार साधारण ०.२ ते ०.५५ने गुणते. श्मर्टमन यांनी फ्लोरिडात, नॉटिंगहॅम यांच्या कामाच्या आधारे, डच रीत अमेरिकेच्या मातीला लावली. १९९७मध्ये एस्लामी आणि फेलेनियस यांनी १०२ प्रकरणांवरून आणखी एक पद्धत मांडली: साध्या सरासरीऐवजी भूमितीय सरासरी, जिच्यात एखाद-दुसरे टोकाचे वाचन सगळा हिशेब फिरवत नाही, आणि रोधातून छिद्रजलाचा दाब वजा.

फ्रेंच गुणांक अर्ध्याखाली का असावेत, आणि डच गुणांक एकाच्या जवळ का, हा प्रश्न दीर्घकाळ लटकलेला होता. २००५मध्ये केंब्रिजचे व्हाइट आणि बोल्टन यांनी बंद टोकाच्या, ठोकलेल्या किंवा दाबलेल्या पाइलच्या चाचण्या पुन्हा तपासल्या. पाइल घट्ट थरात अर्धवटच शिरलेला असणे आणि ठोकल्यानंतर टोकाशी अडकून राहिलेला दाब न मोजणे, या दोन गोष्टी हिशेबात घेतल्या तर पाइलच्या टोकाचा रोध शंकूच्या रोधाच्या सुमारे नव्वद टक्के निघतो, असे त्यांना आढळले. म्हणजे फरकाचा मोठा भाग निसर्गाचा नसून मोजणीचा आणि सरासरीचा होता. या निष्कर्षाला मान मिळाला, पण सर्वांनी तो स्वीकारला असे नाही, आणि त्याचे परिणाम पुढे डच वादात दिसले.

बाजूचे घर्षण

टोकापेक्षा बाजूचा हिशेब अधिक नाजूक आहे. १९७०च्या दशकापर्यंत समज असा होता की एका खोलीनंतर वाळूतले घर्षण वाढायचे थांबते. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने फ्रान्समधल्या लाबेन आणि डंकर्क इथल्या वाळूत संवेदक लावलेले पाइल दाबले आणि वेगळे चित्र दिसले. एखाद्या खोलीवरच्या मातीजवळून टोक जाते तेव्हा तिथला दाब सर्वाधिक असतो. टोक जसजसे पुढे खाली सरकते, तसतसे तिथले घर्षण कमी होते. म्हणून घर्षण खोलीवर अवलंबून असण्यापेक्षा टोकापासूनच्या अंतरावर अवलंबून असते. या समजेतून इम्पीरियल कॉलेजची, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाची, फुग्रोची आणि नॉर्वेच्या भूतंत्र संस्थेची अशा चार पद्धती समुद्रातल्या तेलफलाटांच्या कामासाठी तयार झाल्या. २०२०मध्ये त्या गटांनी एकत्र येऊन वाळूसाठी एकच सामाईक पद्धत मांडली. एवढ्या भांडणानंतर प्रतिस्पर्धी गटांनी आकडे एकत्र टेबलावर ठेवले, ही या क्षेत्रातली दुर्मीळ घटना आहे.

तरी काळाचा प्रश्न उरतोच. डंकर्कच्या घट्ट वाळूत ठोकलेल्या पोलादी पाइलची उपटण्याला विरोध करण्याची क्षमता काही महिन्यांत दुपटीच्या घरात गेली. चिकणमातीतही ठोकल्यानंतर छिद्रजल ओसरत जाते तशी क्षमता वाढते. मग पाइलची ‘क्षमता’ कोणत्या दिवशीची? ठोकल्यानंतर दहाव्या दिवशीची भारचाचणी आणि शंभराव्या दिवशीची भारचाचणी एकाच सूत्रावर तोलणे योग्य नाही, पण जुन्या संग्रहांतल्या कित्येक नोंदींत हा दिवस नीट सापडत नाही.

तीस टक्क्यांचा डच वाद

या सगळ्या प्रश्नांची गाठ एकाच जागी पाहायची असेल तर नेदरलँड्सकडे पाहावे. तिथल्या मानकात वाळूत ठोकलेल्या कॉंक्रीटच्या पाइलसाठी टोकाचा गुणांक वर्षानुवर्षे १.० होता. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच तांत्रिक अहवालात भारचाचण्यांशी तुलना करून असे दिसले की टोकाची क्षमता जास्त धरली जाते. सुधारणेला वेळ देण्यात आला आणि १ जानेवारी २०१७पासून गुणांक तीस टक्क्यांनी कमी झाला: १.०चा ०.७.

अडचण उघड होती. १.० धरून बांधलेल्या लाखो पाइलवर देश उभा आहे आणि पायांच्या अपयशाची मालिका काही दिसत नाही. मग जुना आकडा बरोबर होता की जुनी सुरक्षितता दुसरीकडून येत होती? एका बाजूचे म्हणणे असे की मानक मोजमापांवर चालले पाहिजे. घरे पडली नाहीत याचा अर्थ गुणांक बरोबर असा होत नाही, कारण प्रत्यक्ष भार हिशेबाच्या भारापेक्षा कमी असतात, कडक इमारत कमकुवत पाइलवरचा भार शेजारच्यांवर सरकवते आणि शेजारी पाइल ठोकल्याने वाळू आणखी घट्ट होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की हेच परिणाम पाइलच्या क्षमतेचा भाग आहेत. शिवाय टोकाशी अडकलेला दाब न मोजल्याने चाचण्यांतच टोक कमकुवत आणि बाजू मजबूत दिसली असेल, तर टोकाचा गुणांक कापून बाजूचा तसाच ठेवणे म्हणजे अर्धीच दुरुस्ती. काळाबरोबर वाढणारी क्षमताही या हिशेबात नव्हती.

या वादातून चांगली गोष्ट ही निघाली की नव्या चाचण्या झाल्या. रॉटरडॅम बंदराच्या मासफ्लाक्टे भागात आणि इतरत्र पाइलमध्ये ऑप्टिकल फायबर घालून टोकाचा आणि बाजूचा वाटा वेगवेगळा मोजला गेला. आपल्या विशिष्ट पाइलचे गुणांक भारचाचणीने सिद्ध करून वापरण्याचा मार्गही मानकाने खुला ठेवला. माझ्या मते या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा धागा हा की वाद गुणांकाच्या किमतीवर सुरू झाला आणि काय मोजले होते यावर येऊन थांबला.

सूत्रांची परीक्षा

कोणती पद्धत बरी, हे ठरवायचा उघड उपाय म्हणजे भारचाचण्यांशी तुलना. १९८८मध्ये ब्रिओ आणि टकर यांनी मिसिसिपीच्या महामार्ग खात्याच्या ९८ पाइलवर अनेक पद्धती तपासल्या. २००४मध्ये अबू-फरसाख आणि टिटी यांनी लुइझियानाच्या मऊ जमिनीतल्या ३५ पाइलवर आठ सीपीटी पद्धती तपासल्या. दोन्ही ठिकाणी फ्रेंच पद्धत वरच्या क्रमांकांत आली. पण प्रत्येक तुलना एका प्रदेशाची, एका पाइलप्रकाराची असते, आणि क्रमवारी संग्रह बदलला की बदलते.

अधिक अस्वस्थ करणारा पुरावा अंदाजस्पर्धांतून येतो. १९८९मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तज्ज्ञांना जमिनीची माहिती देऊन भारचाचणीआधी क्षमता सांगायला सांगितली, आणि असे उपक्रम पुढे पोर्तुगाल, कॅनडा, बोलिव्हियात होत राहिले. दर वेळी अंदाज प्रचंड फाकलेले असतात. फेलेनियस यांनी त्यावर आणखी एक पायरी चढवली: चाचणी झाल्यावर भार-खचणीचा तोच आलेख सगळ्यांना देऊन विचारले की आता क्षमता सांगा. तेव्हाही उत्तरे एक आली नाहीत.

कारण ‘निकामी होणे’ याची एकच व्याख्या नाही. पाइल सहसा अचानक कोसळत नाही, तो भाराबरोबर खचत राहतो. कोणी व्यासाच्या दहा टक्के खचणीला मर्यादा मानतो, कोणी डेव्हिसन यांची रेषा वापरतो, कोणी चिन यांच्या रीतीने वक्र पुढे ताणतो. आपले मानक लहान व्यासाच्या पाइलसाठी १२ मिलिमीटर खचणीच्या भाराच्या दोन-तृतीयांश आणि दहा टक्के व्यासाच्या खचणीच्या भाराचा निम्मा, यांतला लहान आकडा घेते. सूत्र एका व्याख्येवरून बांधले आणि परीक्षा दुसऱ्या व्याख्येने घेतली, तर त्यातल्या फरकाला आपण सूत्राची चूक म्हणतो. मार्क रँडॉल्फ यांनी आपल्या २००३च्या रँकिन व्याख्यानात म्हटले होते की पुष्कळ जमिनींत पाइलची क्षमता तीस टक्के इकडेतिकडे यापेक्षा अचूक सांगणे कदाचित कधीच शक्य होणार नाही. वीस वर्षांनंतरही हे विधान खोडले गेलेले नाही.

युरोपच्या सातव्या मानकाने या अनिश्चिततेला वेगळे उत्तर दिले. तिथे एकाच जागेच्या चाचण्यांची संख्या वाढवली की गुणांक उतरतो: एका चाचणीला सरासरी क्षमता १.४०ने भागायची, दहा चाचण्यांना १.२५ने. जास्त तपासणीचे बक्षीस हिशेबातच मिळते. आपल्या अडीचच्या एकच एक गुणांकात दोन बोअर घेणारा आणि वीस बोअर घेणारा सारखेच.

संगणकाला शिकवलेली सूत्रे

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून सिंगापूरचे गोह आणि पुढे इतरांनी कृत्रिम मज्जाजालांना भारचाचण्यांचे संग्रह शिकवून क्षमता काढली. गेल्या दशकात अशा निबंधांची संख्या फार वाढली आहे आणि बहुतेकांत नवी पद्धत जुन्या सूत्रांहून सरस ठरते. समर्थकांचा मुद्दा रास्त आहे: मातीचे नाते एका सरळ गुणाकारात मावत नाही. शंकाही तितकीच रास्त आहे. संग्रह शे-दीडशे पाइलचे असतात, बऱ्याचदा तेच ते, आणि एकाच जागचे पाइल शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या दोन्ही भागांत विखुरले तर यंत्र जागा ओळखायला शिकते, माती ओळखायला नाही. पूर्ण नव्या जागेवर, पाइल बांधण्याआधी केलेले भाकीत ही खरी कसोटी आहे, आणि ती देणारे निबंध फार थोडे आहेत.

मुंबईचा खडक

आतापर्यंतची चर्चा वाळू आणि चिकणमातीची झाली. मुंबईत प्रश्नच वेगळा आहे. वर भराव आणि खाडीचा गाळ, खाली झिजलेला बेसॉल्ट, टफ किंवा ब्रेशिया, आणि पाइलचे टोक त्या अर्धवट खडकात रोवलेले. वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भरावाच्या जमिनीत गाळ अजून बसत असेल तर तो पाइलला आधार देण्याऐवजी खाली ओढतो. क्षमता सारी खालच्या रोवणीतून येते, आणि तिथे सीपीटी पोचत नाही. गाभ्याचे नमुने मिळाले तर त्यांची दाबशक्ती मोजता येते; झिजलेल्या ब्रेशियात गाभा तुकड्यांनी येतो किंवा येतच नाही.

भारतीय रस्ते परिषदेच्या ७८ क्रमांकाच्या संहितेत अशा खडकासाठी दोन वाटा आहेत. एक गाभ्याच्या दाबशक्तीची. दुसरी एसपीटीची, १९७०च्या दशकात कोल आणि स्ट्राउड यांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथल्या कमकुवत खडकावरून दिलेल्या नात्यावर आधारलेली. तिच्यात ठोके शंभराच्या पुढे त्रैराशिकाने वाढवतात. ५० ठोक्यांत नळी ६ सेंटिमीटर गेली तर एन २५०, ५ सेंटिमीटर गेली तर ३००. एक सेंटिमीटर म्हणजे वीस टक्के, आणि तिपाईवरच्या साइटवर, खडूने खुणा करून, ठोक्यांच्या धक्क्यात एक सेंटिमीटर वाचायचा असतो. या वाटेचे समर्थक म्हणतात की गाभा न मिळणाऱ्या खडकात दुसरे माप नाही आणि भारचाचण्यांत पाइल बहुधा अपेक्षेहून चांगले ठरतात. आक्षेप घेणारे म्हणतात की चांगले ठरणे हाच प्रश्न आहे: बहुतेक चाचण्या हिशेबाच्या दीड ते अडीचपट भारावर थांबतात, पाइल मर्यादेपर्यंत जातच नाही, म्हणून नात्याची खरी किंमत कधी कळतच नाही.

याच शहरात एक वेगळी रीतही घडली. १९८०च्या दशकात के. आर. दाते आणि डी. व्ही. करंदीकर यांनी मुंबई परिसरातल्या बोअर पाइलवर लिहिताना चिझलच्या ऊर्जेचा हिशेब मांडला: चिझलचे वजन, उंची आणि ठोके यांवरून खडकात ठरावीक खोली जायला किती ऊर्जा लागली ते मोजायचे आणि त्यावरून पाइल कुठे थांबवायचा ते ठरवायचे. हीही प्रवेश चाचणीच, पण बोअरच्या तळाशी, पाइलच्या पूर्ण व्यासाची, आणि त्याच पाइलच्या जागेवर. मापाचा फरक नाही, बांधकामाआधीची आणि नंतरची जमीन हा फरक बराच कमी. आता चिझलऐवजी फिरती यंत्रे आली आहेत. तिथे पीळ, दाब आणि खाली जाण्याचा वेग यंत्रच नोंदवते, पण त्यावरून रोवणीची क्षमता सांगणारे सर्वमान्य नाते अजून नाही.

काय उरले आहे

उरलेल्या प्रश्नांत मला सर्वांत वरचा वाटतो तो नोंदींचा. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने भारचाचण्यांचा खुला संग्रह ठेवला आहे. झेजियांग विद्यापीठ आणि इम्पीरियल कॉलेज यांनी वाळूतल्या पाइलचा निवडक संग्रह प्रसिद्ध केला आहे, ज्यात दर नोंदीची सीपीटी, पाइलचे वय आणि खचणीचा आलेख आहे. वर सांगितलेली २०२०ची सामाईक पद्धत अशाच एकत्रित नोंदींवर बांधली गेली. मेट्रो, सागरी सेतू आणि पुनर्विकासाच्या कामांत मुंबई-पुण्यात भारचाचण्या सतत होत असतात. त्यांचे आलेख कंत्राटाच्या फायलीत जातात.

ऊर्जा न मोजलेले एन-आकडे अशा संग्रहात कितपत उपयोगी पडतील, हा त्यातलाच उपप्रश्न. काहींच्या मते ते टाकून द्यावे लागतील. माझा कल त्यांना घणाच्या प्रकारासह ठेवण्याकडे आहे, कारण घण कोणता होता एवढे जरी लिहिलेले असेल तरी ऊर्जेचा पट्टा बांधता येतो. चाचणी मर्यादेपर्यंत नेण्याचा प्रश्न पैशाचा आहे. पाइलच्या पोटात जॅक घालून टोक आणि बाजू एकमेकांविरुद्ध ढकलणारी ऑस्टरबर्ग यांची रीत मोठ्या भारांना वजनांच्या राशीशिवाय पोचते, आणि खडकातल्या रोवणीचा वाटा वेगळा दाखवते. झिजलेल्या ब्रेशियात अशा चाचण्या, शेजारच्या बोअरमधल्या एसपीटीसह आणि यंत्राने नोंदलेल्या पिळासह, एकाच ठिकाणी केल्या गेल्या, तर कॉव्हेंट्रीहून आणलेले नाते मुंबईला किती लागू पडते हे प्रथमच आकड्यांत सांगता येईल.